आधी पत्ता, मग पिशवी

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की शहरांतल्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर एक कागद हमखास लागतो. येत्या रविवारी सकाळी नऊ ते एक या वेळात जुने कपडे, ई-कचरा, प्लास्टिक, पुस्तके, खेळणी खाली आणून द्यावीत; टेम्पो येणार आहे. पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात अशा संकलन मोहिमा आता सरावाच्या झाल्या आहेत. गणेश मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, राष्ट्रीय सेवा योजनेचे कॉलेजातले गट, महिला मंडळे त्या हौसेने भरवतात आणि संध्याकाळपर्यंत भरलेल्या पोत्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचतात. या धडपडीबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही मोहिमेचे यश पोत्यांच्या संख्येवर मोजण्याची आपली रीत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातली वस्तू टेम्पोत चढली, की ती आपल्या डोळ्यांआड होते, एवढेच. टेम्पो पुढे कुठे रिकामा होणार, तिथे ती वस्तू कोणाच्या हाती पडणार आणि तो माणूस तिचे काय करणार, हे आधी ठरलेले नसेल, तर अख्खा रविवार खर्चून आपण कचऱ्याची फक्त जागा बदललेली असते. म्हणून मोहिमेची आखणी उलट्या टोकाकडून व्हायला हवी. आधी घेणारा पक्का करावा आणि त्याला जे हवे तेवढेच लोकांकडून मागावे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आपल्याकडे असल्या मोहिमांची गरजच काय? रद्दीवाला तराजू घेऊन दारात येतो, भंगारवाला पत्रा-लोखंड-तांबे नेतो, जुन्या साड्यांवर बोहारीण स्टीलचे पातेले देऊन जाते, आणि उरलेल्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या घरांना पुनर्वापर शिकवायला कोणी यायची गरज नाही. आक्षेपात तथ्य आहे. धारावीतल्या तेरा कंपाउंडात मुंबईच्या प्लास्टिकचा केवढा तरी भाग निवडला, धुतला आणि भरडला जातो, तोही कोणी आवाहन केल्यामुळे नव्हे. पण ही सगळी साखळी भावावर चालते. ज्या वस्तूला भाव आहे, ती आपोआप पुढे सरकते. ज्या वस्तूला भाव नाही, ती घरातच साठत राहते किंवा शेवटी घंटागाडीत जाते: थर्माकोल, वेफर्सची चकचकीत पाकिटे, फाटकी अंतर्वस्त्रे, कापसाच्या जुन्या गाद्या, तुटकी खेळणी, उडालेल्या ट्यूबलाइट, फुगलेल्या बॅटऱ्या, कसलाच संच पूर्ण नसलेली पुस्तके. घंटागाडीचे पुढचे ठिकाण आपल्याला ठाऊक आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासून मुंबईचा कचरा झेलते आहे; जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग दिवसचे दिवस धुमसत राहिली आणि धुराने शहर व्यापले. पुण्याचा कचरा आपल्या शिवारात नको म्हणून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. संकलन मोहिमेचे खरे काम या बिनभावाच्या वस्तूंपाशी सुरू होते.

त्यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि ती अनेक उत्साही संयोजकांच्या लक्षात येत नाही. भाव असलेल्या वस्तू मोहिमेत मागूच नयेत. वर्तमानपत्रांची रद्दी, पुठ्ठा, काचेच्या बाटल्या, पत्रा, दुधाच्या पिशव्या यांवर कोणाचे तरी घर चालते. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती याच जाणिवेतून: रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बायका शहराची सेवा करतात, त्यांना कामगार म्हणून ओळख आणि कचऱ्यावर हक्क मिळाला पाहिजे. पुढे याच पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद असलेले हजारो कचरावेचक महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार जाऊन कचरा घेतात. घरटी मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून येणारे पैसे ही त्यांची कमाई. अशा सोसायटीत कोणी ‘पर्यावरणासाठी’ वर्षभराची रद्दी जमवून एखाद्या कंपनीच्या टेम्पोत भरली, तर पृथ्वीचा काही फायदा होत नाही, कारण तो कागद तसाही गिरणीतच जाणार होता. रोज जिना चढणाऱ्या बाईच्या कमाईचा चांगला वाटा मात्र त्या दिवशी जातो. उलट बाजूने पाहिले, तर मोहिमेला सगळ्यांत जाणता भागीदार याच बायकांमध्ये सापडतो. ‘स्वच्छ’ पुण्यात ‘व्ही-कलेक्ट’ नावाने जुने कपडे, ई-कचरा, मोठे सामान यांची संकलने भरवते, ती याच अनुभवाच्या बळावर. प्लास्टिकचा तुकडा बोटांत चुरगाळून, त्याच्या आवाजावरून आणि ताणावरून तो कुठल्या ढिगात जाईल हे सांगणारी नजर महाविद्यालयीन स्वयंसेवकाकडे एका सकाळीत येत नाही. म्हणून या बायकांपैकी एकीला टेबलाशी मानाने बसवावे, तिच्या दिवसाची मजुरी ठरवून द्यावी आणि तिचा शब्द अखेरचा मानावा.

पत्ता आधी का हवा, हे कपड्यांच्या बाबतीत सर्वांत लख्ख दिसते. २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून तमिळनाडूच्या किनाऱ्याकडे कपड्यांचे ट्रकच्या ट्रक गेले. कोळी वस्त्यांना त्यातले बरेचसे उपयोगाचे नव्हते, आणि ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ते उचलून, निवडून कामी लावण्याचे किचकट काम नंतर ‘गूंज’ने केले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने कपड्याला दान मानायचे नाही, हा दंडक घातला. गावाने विहीर खोदावी, बांध घालावा, रस्ता दुरुस्त करावा, आणि मोबदल्यात कपडे व वस्तू घ्याव्यात. जे नेसता-घालता येत नाही अशा सुती कापडाचे धुऊन, निर्जंतुक करून पाळीचे पॅड केले जातात. यावरून संयोजकाने घ्यायचा बोध व्यावहारिक आहे. कपडा घेणाऱ्याला नेमके काय हवे ते विचारा. एखाद्या आश्रमशाळेला लहान मुलांचे स्वेटर हवे असतील, तर पार्टीचे झगमगीत फ्रॉक तिच्या माथी मारू नयेत. धुतलेले, बटणे-चेन शाबूत असलेले, जोडीने असतील तर जोडी बांधून दिलेले कपडेच घ्यावेत. सुती साड्या, चादरी, पंचे वेगळे ठेवावेत, कारण फाटले तरी त्यांचा उपयोग आहे. पॉलिस्टर आणि सुताचे मिश्रण असलेला कपडा झिजला, की त्याचे धागे वेगळे करणे कठीण. तो फार तर गाद्या-उशांत भरायला जातो. लोकरीच्या चिंध्यांना मात्र पानिपतला गिऱ्हाईक आहे. तिथल्या गिरण्या देशोदेशीच्या जुन्या लोकरी कपड्यांचे पिंजून पुन्हा सूत काढतात, आणि आपत्तीनंतर वाटली जाणारी जाडी ब्लँकेटे अनेकदा त्याच सुताची असतात. हे सगळे माहीत असले, तर सूचनेच्या कागदावर ‘जुने कपडे’ असे मोघम लिहायचा मोह होत नाही.

ई-कचऱ्यात तर मोघमपणा धोक्याचा आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद होऊन रीतसर गोळा व पुनर्चक्रित झाला, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. भारत या कचऱ्यात चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल आहे. इथे लोक विचारतात, की भंगारवाला जुन्या टीव्हीचे पैसे देतो. तुम्हाला फुकट का द्यायचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पैशांत देता येत नाही. भंगाराच्या दुकानातून पुढे गेलेली वायर तांब्यासाठी जाळली जाते; तिच्यावरचे पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात. सर्किट बोर्डवरचे सोने आम्लात बुडवून काढतात, ते आम्ल गटारात ओततात, आणि ते काम बहुधा हातमोज्यांशिवाय, कधी कधी घरातच चालते. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसे असते. फ्रिजची तांब्याची नळी कापली, की आतला वायू सरळ वातावरणात. तेव्हा भंगारवाल्याला वगळणे हा मुद्दा नाही. त्याने गोळा करावे, त्याचे पैसे त्याला मिळावेत, पण फोडाफोडी परवानाधारक ठिकाणीच व्हावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणे येतात आणि ती नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जावीत अशी अपेक्षा आहे. संयोजकाने ज्या कंपनीला बोलावले तिची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे का हे तपासावे, परवान्याची मुदत पाहावी आणि मालाचे वजन व प्रकार लिहिलेली पावती घेतल्याशिवाय टेम्पो सोडू नये. ‘आम्ही सगळे नेतो’ असे जो फोनवर सहज म्हणतो, त्याच्याबद्दल दोनदा चौकशी करावी.

मोहिमेतल्या ई-कचऱ्याच्या टेबलावर प्रत्यक्षात काय घडायला हवे, ते जरा जवळून पाहू. एक गृहस्थ जुना मोबाइल आणतात. स्वयंसेवक आधी विचारतो: सिमकार्ड काढले का, मेमरी कार्ड काढले का, आतली माहिती पुसली का? नसेल तर तिथेच पुसून घेतो, कारण जुन्या फोनमध्ये बँकेचे निरोप आणि घरातले फोटो असतात आणि तो फोन पुढे किती हातांतून जाईल ते सांगता येत नाही. मग फोन आडवा धरून तो पाठ पाहतो. झाकण वर उचललेले, स्क्रीन कडेने सुटलेला दिसला, म्हणजे बॅटरी फुगली आहे. ती उकलायचा प्रयत्न करायचा नाही, दाबायची नाही, इतर मालात टाकायची नाही. कोरड्या वाळूच्या बादलीत वेगळी ठेवायची. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावायची, कारण दोन टोके धातूला लागली तर ठिणगी पडते, आणि लिथियमची आग विझवणे अवघड. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, म्हणून ते उभ्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. हे सगळे दहा मिनिटांत शिकवता येते. ज्या मोहिमेत ते शिकवलेले नसते तिथे दुपारी एकच्या घाईत सगळे एका पोत्यात कोंबले जाते आणि टेम्पोच्या हौद्यात फुटते.

काही गोष्टींना मात्र सरळ नाही म्हणावे लागते, आणि मोहिमेतले सर्वांत अवघड काम तेच. थर्माकोलचे बहुतेक आकारमान हवेचेच असते. एक टेम्पो भरून नेला तरी वजन इतके कमी भरते, की डिझेलचाही खर्च निघत नाही. जवळपास तो दाबून किंवा वितळवून घट्ट करणारे यंत्र असेल तरच तो घ्यावा. फळांच्या रसाच्या खोक्यांत तीन चतुर्थांश पुठ्ठा असतो, बाकी पॉलिथिन आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर. ते वेगळे करणाऱ्या गिरणीशी संधान असेल, तर खोकी धुऊन चपटी करून मागावीत. नसेल तर मागू नयेत. मुदत संपलेली औषधे, सुया, रंगाचे डबे हा घरगुती घातक कचरा आहे. तो वेगळा साठवून महापालिकेने नेमलेल्या ठिकाणी द्यायचा असतो. सोसायटीच्या मांडवात तो उघडा पडता कामा नये. लोक नाराज होतात. इतके ओझे घेऊन चार मजले उतरलो आणि तुम्ही परत पाठवता, असे म्हणतात. पण घेऊन नंतर गुपचूप कचराकुंडीत टाकण्यापेक्षा ही नाराजी पत्करलेली बरी, कारण एकदा तसे झाल्याचे कळले, की पुढच्या मोहिमेवर कोणी विश्वास ठेवत नाही. यासाठीच प्रत्येक पिशवी देणाऱ्याच्या समोर उघडावी. गाठ मारलेली पिशवी जशीच्या तशी घेणारी मोहीम हे दुसऱ्याच्या पायऱ्यांवर ठेवलेल्या कचऱ्याचे नुसते सभ्य रूप आहे.

पुनर्वापराचा विचार पुनर्चक्रणाच्या आधी यायला हवा, हे तत्त्व सगळ्यांना मान्य असते; मांडवात मात्र सगळ्या टेबलांवर पुनर्चक्रणच चाललेले दिसते. मिक्सर चालत नाही म्हणून आणला जातो तेव्हा बहुधा त्याचा कपलर झिजलेला असतो किंवा कार्बन संपलेले असतात. इस्त्रीची वायर तुटलेली असते. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला दिवसाची मजुरी देऊन एका टेबलाशी बसवले, तर यातल्या बऱ्याच वस्तू दुपारी परत घरी जातील. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली सुरू झालेले ‘रिपेअर कॅफे’ याच कल्पनेवर जगभर पसरले. आपल्याकडे तर दुरुस्तीवाले अजून चौकाचौकांत आहेत, त्यांना फक्त मांडवात जागा द्यायची आहे. पुस्तकांसाठी योग्य महिना दिवाळीचा नाही, निकालानंतरचा आहे. पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, त्यामुळे खरी मागणी नववी ते बारावीच्या संचांना असते, आणि तीही अभ्यासक्रम बदललेला नसेल तरच. मधली काही वर्षे राज्यात पाठ्यपुस्तकांतच वह्यांची कोरी पाने जोडली जात होती; लिहून भरलेले असे पुस्तक पुढच्या मुलाच्या हाती देणे जड जाते. मोहिमेने मागच्याच वर्षीचे, पूर्ण संच मागावेत आणि जुन्या मार्गदर्शिका सरळ रद्दीवाल्याकडे वळवाव्यात. ‘माणुसकीची भिंत’ म्हणून अनेक गावांत उभ्या राहिलेल्या जागा पुढे अस्ताव्यस्त ढीग झाल्या, त्याचेही कारण हेच: ठेवणारे पुष्कळ होते, निवडून लावणारा रोजचा माणूस नव्हता.

आता मोठ्या आक्षेपांकडे वळतो. हे महापालिकेचे काम आहे, नागरिकांनी का करावे? काम महापालिकेचे आहे, यात शंका नाही, आणि पणजीसारख्या शहराने वसाहतींच्या आवारात सुक्या कचऱ्याचे सोळा प्रकार वेगळे ठेवायची सोय करून ते होऊ शकते हे दाखवलेही आहे. जपानमधल्या कामिकात्सू या छोट्या गावात लोक चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा वेगळा करतात आणि त्यातला सुमारे ८० टक्के पुनर्चक्रणाला जातो. नको असलेल्या चांगल्या वस्तू ठेवायला आणि फुकट न्यायला तिथे एक दुकानच आहे. पण ही कायमची सोय कुठल्या वॉर्डात, कोणत्या वस्तूंसाठी, किती दिवसांनी हवी, हे सांगणारी आकडेवारी आज बहुतेक महापालिकांकडे नाही. नीट नोंद ठेवलेल्या मोहिमा ती देऊ शकतात. वर्षातून एकदा गाजावाजा करण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच वेळी, कमी वस्तूंसाठी भरलेली मोहीम म्हणूनच जास्त कामाची. लोक वस्तू जपून ठेवायला शिकतात आणि नोंदींना अर्थ येतो.

दुसरा आक्षेप मनाला जास्त टोचणारा आहे: या मोहिमा लोकांना निर्धास्त करतात. जुने देऊन टाकले की नवे घ्यायला मोकळे. हे होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यावरचा उपाय उपदेशात सापडणार नाही, तो हिशेबात आहे. मोहिमेनंतर आठवड्याभरात काय आले, किती आले, कोणाकडे गेले, कशाला नाही म्हटले आणि पावती कुठली, हे सगळ्यांना दिसेल असे लिहून लावावे. आपण दिलेल्या शंभर शर्टांपैकी किती कोणी अंगात घातले आणि किती गादीत भरले गेले, हे एकदा वाचले, की पुढच्या खरेदीच्या वेळी हात थबकतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पाकिटे बनवणाऱ्या कंपन्यांनी नफा घ्यायचा आणि त्यांचा कचरा नागरिकांनी रविवार खर्चून गोळा करायचा, यात न्याय कुठला? नाहीच. २०१६ च्या प्लास्टिक नियमांनी आणि २०२२ च्या दुरुस्तीने उत्पादकावर त्याच्या वेष्टनाची जबाबदारी टाकली आहे, ती कागदोपत्री प्रमाणपत्रांत पुरी होते की खरोखर वस्त्यांमधून माल उचलला जातो, हे तपासायला सरकारची माणसे कमी पडतात. म्हणून मोहिमेत एक टेबल असे असावे, जिथे बिनभावाची पाकिटे वजन करण्याआधी कंपनीवार मोजली जातील. शाळकरी मुले हे काम आनंदाने आणि बिनचूक करतात. कुठल्या कंपनीची किती पाकिटे, कोणत्या तारखेला, कोणत्या वॉर्डात, असा एक पानी तक्ता महापालिकेच्या घनकचरा विभागाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि त्या कंपन्यांना पोचपावतीसह पाठवावा. एका सोसायटीचा तक्ता बाजूला सारता येतो. एका शहरातल्या पन्नास सोसायट्यांचे तक्ते दर तीन महिन्यांनी येऊ लागले, तर या वस्तूंचा घेणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांना द्यावे लागेल.